हीटर पोचला

कोल्हापूर,
१२ जानेवारी

चि. सोनल हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हीटर पोचला. तुझ्या आईनं त्याच रात्री तो खोक्यातून काढून पलंगाशेजारच्या एक्स्टेंशन बोर्डाला लावला आणि अर्ध्या तासात खोलीभर जळकट वास सुटला. उद्यमनगरात तीस वर्षं मोटार वाइंडिंग केलेल्या माणसाच्या घरात हे झालं, तेव्हा भावकीत कुणाला सांगू नकोस. हीटर २००० वॅटचा, म्हणजे जवळपास ९ अँपियर ओढणार, आणि बोर्ड ६ चा. दुसऱ्या दिवशी जाड वायर ओढून खोलीत पॉवर प्लग बसवला. तुमच्याकडं गीझर नाहीतर इस्त्री असल्या बोर्डावर असेल तर जावईबापूंना आजच बघायला सांग.

तू फोनवर म्हणालीस, "गीझर दिवसभर चालू ठेवा, बिलाकडं बघू नका, मी भरते." बाळ, बिल कोण भरणार हा प्रश्न नाही. एरवी ९० युनिटांच्या आसपास असणारं आपलं बिल, पंखे सगळे बंद असतानाही, डिसेंबरात १३६ युनिटांवर गेलं, ते का, हे मला कळायला पाहिजे होतं. शंभराच्या पुढच्या प्रत्येक युनिटाला चढा दर लागतो, म्हणजे वाढलेल्यातले बहुतेक युनिट महागाचेच.

मग मी मीटरसमोर खुर्ची टाकून बसलो. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्याशेजारी ३२०० असं छापलंय. ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एरवी तो सावकाश चालतो, पण गीझर लावला की मिनिटाला शंभरावर जातो. मोजता मोजता डोळे दुखले. आई म्हणाली, "म्हातारपणी हे काय नवीन?"

एक दिवस सकाळी आठ ते रात्री आठ गीझर चालू ठेवला आणि गरम पाण्याच्या नळाला कुणालाच हात लावू दिला नाही. त्या बारा तासांत टाकीतलं पाणी निवून गीझर आपोआप चार वेळा लागला, दर वेळी तीन-साडेतीन मिनिटं. हिशेब केला तर अर्ध्या युनिटाच्या जवळ. वीस लिटरची बादली आंघोळीपुरती गरम करायलाही साधारण तेवढीच वीज लागते. म्हणजे घरात एक आंघोळ झाली, फक्त माणूस ओला झाला नाही.

आता गीझर सकाळी वीस मिनिटं आधी लावतो आणि आंघोळी लागोपाठ उरकतो. त्याचा काटा कुणी तरी पार शेवटाला नेऊन ठेवला होता. इतकं कढत पाणी काढायचं आणि निम्मी बादली गार पाणी ओतायचं, म्हणून काटा मधे आणला. अडचण एकच. मी रंकाळ्याला फेरी मारून, गंगावेशीत दूध पिऊन नऊला आंघोळ करायचो, ती आता सातला करावी लागते. या एका गोष्टीवरून घरात दोन दिवस अबोला होता.

माळ्यावरचा तांब्याचा बंब काढूया का, असं मधे मनात आलं होतं. चिपाडं आणि शेणी घालून आजी तापवायची, त्या पाण्याची सर गीझरला नाही. पण धूर आईच्या डोळ्यांना सोसायचा नाही. बंब माळ्यावरच बरा.

आणि एक गोष्ट लिहायची राहील. दहावीला असताना तू रात्री दोन-दोन तास माजघरात वाचायचीस आणि मी येऊन ६० चा बल्ब बंद करायचो, मीटर पळतंय म्हणून. परवा कागदावर मांडलं. तू आठ रात्री वाचलीस तर एक युनिट व्हायचं. आणि त्याच वर्षी आपण पहिला गीझर घेतला होता. तो दुपारपर्यंत चालू राहायचा, त्यावर मी कधी चकार शब्द काढला नाही. हल्लीचा ९ वॅटचा एलईडी तर शंभर-एकशे दहा तास जळतो तेव्हा कुठं युनिट होतं, आणि तेच युनिट गीझर अर्ध्या तासात खातो. तार तापवण्यातच खरी वीज खर्च होते, हे माझ्या धंद्यातलं मला ठाऊक होतं. तरी ओरडलो तुझ्यावर.

हीटर परत पाठवणार नाही. आपल्याकडची थंडी पहाटेपुरती, दुपारी बाराला स्वेटर घातला तर लोक बघतील. पण आईचे गुडघे पहाटे आखडतात, तिथं मी काटकसर करायची नाही असं ठरवलंय. दाराच्या फटीला जुन्या लुगड्याची वळकटी लावतो, झोपायच्या आधी हीटर वीस मिनिटं लावून बंद करतो आणि गुडघ्याशी रबरी पिशवी देतो. दोन लिटर पाणी तापवायला जेवढी वीज लागते तेवढी हा हीटर चार मिनिटांत संपवतो, आणि पिशवी निम्मी रात्र तरी ऊब देते. शेजारचे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायचे. त्यांना जाऊन चार शब्द सुनावून आलो, सकाळी उठले नसते.

पिशवीपेक्षाही आईला वाकळच आवडते. जुनी वाकळ विरलीय, नवी शिवून घ्यायची म्हणते. संक्रांतीला येशील तेव्हा तुझ्या जुन्या सुती साड्या घेऊन ये. नायलॉनच्या नकोत.

तुझे,
बाबा