आईच्या कानांवर भरवसा ठेवणाऱ्या दादांना

दादा,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. दारात बूट घालता घालता "अहो, कामच आहे ते माझं, त्यात काय एवढं" असं म्हणून तुम्ही निघालात आणि माझे आभार तोंडातच राहिले. आमच्या हीट पंपाचा आवाज घालवणं हे तुमचं कामच होतं, खरं आहे. पण तुमच्याआधी हेच काम ज्यांचं होतं आणि ज्यांनी त्याचे पैसेही मोजून घेतले, त्यांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे हे पत्र चारचौघांत लिहावंसं वाटलं. त्यांच्याही कानावर गेलं तर बरंच, हा हेतू लपवत नाही.

हीट पंपाबद्दल माझं काही म्हणणं नाही, हे आधीच सांगते. बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात आणायची, आणि जेवढी वीज खाल्ली त्याच्या साधारण तिप्पट ऊब द्यायची, हे यंत्र इमानेइतबारे करतंय. तक्रार ते भिंतीला टांगणाऱ्यांबद्दल आहे. आउटडोअर युनिट त्यांनी नेमकं आईच्या खोलीच्या भिंतीला ब्रॅकेटवर चढवलं, घर तापवणाऱ्या पाण्याचे पाइप भोक पाडून सरळ आत घेतले, भोवतीची फट सिमेंटने घट्ट बुजवली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि गेले. काम दिसायला देखणं होतं, नाही म्हणणार नाही.

मग रात्री आईच्या खोलीत घुमायला लागलं.

पहिले गृहस्थ आले ते दिवसाउजेडी. खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी मोबाइल हवेत धरला, अॅपवर २८ डेसिबल आले, आणि स्क्रीन माझ्यापुढे नाचवत म्हणाले, "मॅडम, यापेक्षा जास्त आवाज तुमच्या फ्रीजचा असेल." फ्रीज आईच्या उशाशी नसतो, हे माझ्या तोंडावर आलं होतं. दुसरे आले त्यांनी युनिटवर हात ठेवला, "नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो" म्हणाले आणि जाता जाता सल्ला दिला की वय झालं की कान वाजतात, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. हे मला सांगितलं. आई समोरच बसली होती.

तिसरा प्रकार ईमेलचा. ‘सायलेंट मोड सुरू करा’ एवढंच उत्तर. तो सुरू केला आणि रात्री आणखी वाईट झाल्या. तसं कळवलं तर म्हणे, असं होऊच शकत नाही.

दादा, यातला सगळ्यात त्रासाचा भाग आवाज नव्हता. काही दिवसांनी आईने तक्रार करणंच सोडून दिलं. अंथरूण-पांघरूण उचलून ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागली, "मला इथेच बरं वाटतं" म्हणायची. एकदा भांडी पुसताना हळूच विचारलं तिने, "खरंच मला एकटीलाच ऐकू येतं का गं?" मलाही येत होता, तिच्या पलंगावर आडवी झाले की स्पष्ट येत होता. पण दोन गणवेशधारी माणसं काही नाही म्हणून गेल्यावर तिचा माझ्यावरही विश्वास बसेना. तिला वाटायचं, मी तिची समजूत काढतेय.

तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारलात, "आवाज कधी येतो?" रात्री, म्हटल्यावर "मग मी रात्रीच येतो" म्हणालात. ही एवढी साधी गोष्ट आधी कुणाला का सुचली नसेल, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आल्यावर तुम्ही यंत्राकडे गेलाच नाहीत. आईसमोर खुर्ची ओढून बसलात, खिशातून वही काढलीत आणि विचारलंत, "मावशी, कसा आवाज येतो?" आई आधी कचरली. मग म्हणाली, "उशीखाली कुणीतरी भोवरा फिरवत ठेवल्यासारखा." मी मनात म्हटलं, झालं, आता हे हसणार. तुम्ही हसला नाहीत. वहीत लिहून घेतलंत, ‘भोवरा, उशीखाली’, आणि मान वर करून विचारलंत, "भोवरा नुसता गुंगत असतो तसा, की थांबायला येतो तेव्हा डुलतो तसा?"

त्या प्रश्नासाठी हे पत्र आहे, दादा. बाकी सगळं तुम्ही केलंत ते उत्तमच केलंत, पण आईचा चेहरा त्या प्रश्नाला बदलला. ती खुर्चीत सरसावून बसली. डोळे मिटून जरा आठवलं आणि म्हणाली, "डुलतो तसा. वाढतो, कमी होतो, परत वाढतो." तुम्ही तेही लिहिलंत. एका बाजूला तुमचे आकडे आणि त्यांच्या शेजारी आईचे शब्द, एकाच पानावर, एकाच पेनने. नंतर मला समजलं की त्या उत्तरातून तुम्हाला अर्धं निदान मिळालं होतं: कॉम्प्रेसरचा वेग एका आकड्याच्या आसपास थोडा खाली-वर होत असणार, आणि त्याच आकड्याला भिंतही थरथरून साथ देत असणार. पण आईला ते निदान माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की समोरच्या माणसाला तिच्या उत्तराची गरज आहे.

मग तुमची ती परीक्षा. आईला तिच्या पलंगावर आडवं व्हायला सांगितलंत, आवाज आला की हात वर, गेला की खाली. मी खिडकीत, निरोप्या. तुम्ही बाहेर टॉर्चच्या उजेडात कॉम्प्रेसरचा वेग (तो हर्ट्झमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती फेरे) एकेक पायरी वर नेताय, आणि आईला त्यातलं काही दिसत नाही. ४६ ला हात वर. ४८ पर्यंत वर. ५२ ला खाली. तुम्ही वेग खाली आणलात, पुन्हा तिथेच वर. मुद्दाम उलटसुलट फिरवलंत, आईचा हात चुकला नाही. मग यंत्र ४७ वर ठेवून तुम्ही भिंतीत शिरणारा पाइप दोन्ही मुठींत घट्ट धरलात. आत आईचा हात खाली आला. सोडलात, वर गेला. मी खिडकीतून ओरडले, "गेला! आला! गेला!" शेजारच्यांना काय वाटलं असेल ते असो.

तुम्ही आत आलात आणि तिला म्हणालात, "मावशी, माझ्या मीटरपेक्षा तुमचा कान बरोबर आहे." आणि ही तोंडदेखली स्तुती नव्हती, कारण पाठोपाठ का ते समजावूनही दिलंत. मी ते इथे लिहिते, कारण अॅप दाखवून गप्प केलेली बरीच घरं असतील.

डेसिबलचे साधे मीटर आणि अॅप ‘ए’ मापाने मोजतात आणि त्या मापात खर्जातला आवाज मुळात कमी धरला जातो. ५० हर्ट्झच्या आसपास तर जवळपास ३० डेसिबल वजा करूनच आकडा पडद्यावर येतो. म्हणजे आमच्या पंपाची घरघर नेमकी जिथे आहे, तिथेच ते अॅप डोळा मिटून घेतं. त्यात ते गृहस्थ उभे राहिले खोलीच्या मधोमध. ४७ हर्ट्झच्या आवाजाची एक लाट हवेत सव्वासात मीटरच्या आसपास लांब असते. आईची खोली त्याच्या साधारण निम्मी. अशा खोलीत लाट दोन भिंतींच्या मध्ये अडकते, भिंतींपाशी आवाज चढतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. पलंगाचं डोकं भिंतीला लागून. मोजायला उभं राहायची जागा याहून वाईट निवडता आली नसती.

आणि सायलेंट मोड! तो कॉम्प्रेसरच्या आणि पंख्याच्या वेगाला वरून कुलूप घालतो, ठराविक आकड्यापुढे जाऊ देत नाही, म्हणून पंखा आणि यंत्र बाहेर उभ्या माणसाला शांत वाटतं. आमच्याकडे ते कुलूप पडत होतं ४७ ला. दिवसा यंत्र जोरात पळायचं आणि तो आकडा ओलांडून जायचं. रात्री, शांततेच्या नावाखाली, तासन्‌तास तिथेच मुक्काम. ‘असं होऊच शकत नाही’ लिहिणाऱ्या ताईंना किंवा दादांना हे वाचायला मिळो.

दुरुस्तीचं मी फार लिहीत नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. युनिट भिंतीवरून उतरून जमिनीवर वजनदार बैठकीवर गेलं, खाली नीट रबरी पाय आले. सरळ पाइपांच्या जागी शेवटच्या टप्प्यात लवचिक नळ्या आल्या, आणि भिंतीतलं सिमेंट फोडून भोवती मऊ आवरण बसलं, म्हणजे पाइप आता भिंतीला टेकत नाही. जुन्या ब्रॅकेटखालचे रबरी पॅड तुम्ही मला हातात दिले होते. नट इतके आवळलेले की रबराची चकती पापडासारखी चपटी झालेली. दाबून पाहिली तर दगड. रबर होतं, पण रबराचं काम करायला त्याला जागाच ठेवली नव्हती. तुम्ही मात्र त्यांच्याबद्दल एक शब्द वावगा बोलला नाहीत. "घाईत होतं असं" म्हणालात. मी तितकी सभ्य नाही.

आणखी एक. तुम्ही जे होणार नाही तेही सांगून गेलात. कडक थंडीत बाहेरच्या युनिटमधल्या कॉइलवर, म्हणजे नळ्यांच्या जाळीवर, बर्फाचा थर धरतो, तो वितळवायला यंत्र थोडा वेळ उलटं चालतं, तेव्हा फुस्स करून आवाज येईल, युनिटमधून वाफ निघताना दिसेल, घाबरू नका, तो बिघाड नाही आणि तो मी घालवू शकत नाही. आई आता ते झालं की मला बोलावून दाखवते, "बघ, ते म्हणाले होते ना." आधी कुणी हे चार शब्द सांगितले असते तर आम्ही पहिल्या वाफेला आग समजून धावत सुटलो नसतो. पाण्याचं तापमान गरजेपुरतंच खाली आणलंत तेही बरं झालं. घर तेवढंच उबदार आहे आणि यंत्र मुळात कमी धापा टाकतं.

मला राहून राहून वाटतं, मीटर त्यांच्याकडेही होता. तुमच्यापेक्षा महागडा असेल. पण आकडा दाखवून दार गाठायचं की आकडा आणि माणूस जुळत नसतील तर आणखी एक प्रश्न विचारायचा, हे कुठल्याच कंपनीच्या प्रशिक्षणात शिकवत नसावेत. ती घरातून आलेली रीत असते. दवाखान्यात, बँकेच्या खिडकीशी, वर्गात, कुठेही अशी माणसं भेटतात तेव्हा पटकन ओळखू येतात, कारण ती समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतात. म्हातारं माणूस बोलत असेल तर थोडं जास्तच थांबतात. तुम्ही आईशी बोलताना एकदाही माझ्याकडे वळून "म्हणजे त्यांना काय म्हणायचंय?" असं विचारलं नाहीत. तिला काय म्हणायचं होतं ते तिने सांगितलं होतं.

आई तिच्या खोलीत परतली आहे. सोफा रिकामा झाल्यावर त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पूर्ववत साचायला लागलाय. तुमच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो तिने मागितला आहे, तेवढा पाठवा; बहिणीला दाखवायचा म्हणते, कारण माझ्या त्या मावशीनेही ‘कान वाजत असतील’ पक्षाला मत दिलं होतं.

आणि हो, शेजारच्यांकडेही हीट पंप येतोय. त्यांना तुमचा नंबर दिलाय, दोनदा आठवणही करून दिली आहे. यात परोपकार किती ते तुम्हीच ठरवा, कारण त्यांचं युनिट बसायचंय ते आईच्या खिडकीच्या समोरच्या भिंतीला. त्यांनी बोलावलं तर नाही म्हणू नका.

आपली,
मावशींची मुलगी