चार पुस्तकं म्हटली होती, झालं दीड

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
३१ जानेवारी २०२६

चि. प्रांजली हिस अनेक आशीर्वाद.

तू जाताना कालनिर्णयला टाचणीनं जो कागद लावून गेलीस, तो अजून तिथंच आहे. चार पुस्तकं, रोज अर्धं पान लिहिणं, बचत गटाची ठराव वही स्वतःच्या हातानं, आणि शाळेचा दाखला. खाली लाल पेनानं, ‘महिनाअखेर पत्र. फोनवर सांगितलेलं धरलं जाणार नाही.’ तुझ्या बाबांनी तो कागद उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, “कृषी खात्यानं लक्षांक देल्यासारखा दिसते.”

तर आधी आकडा सांगून टाकते. चार पुस्तकं म्हटली होती, झालं दीड. ग्रामगीता रोज एक अध्याय धरली होती, एक्केचाळीसपैकी नऊ झाले. अर्धं पान सव्वीस दिवस लिहिलं, पण त्यातले पहिले आठ दिवस धरू नकोस, का ते पुढे सांगते. गटाची वही झाली. दाखला नाही झाला.

आता रागावण्याआधी जानेवारी कसा गेला ते ऐक. कापसाचा तिसरा वेचा याच महिन्यात आला, तूर सोंगायला आली, आणि हरभऱ्याच्या ओलिताला लाइन रात्रीची. बाबा रात्री अकराला बॅटरी घेऊन शेतात जायचे, पहाटे चिखलाचे पाय घेऊन परत. त्यांना चहा करून दिल्यावर मला झोप नाही यायची. मी वाचायला बसायची ती तेव्हाच, आणि संध्याकाळी भाकरी झाल्यावर.

शेजारच्या गावच्या वाचनालयातून पहिलं पुस्तक आणलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. तूच नाव दिलं होतंस. आतल्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २०११ चा. म्हणजे पंधरा वर्षं ते कपाटात नुसतं बसून होतं. एका पानावर चहाचा गोल डाग, आणि मधेच कोणीतरी विसरलेलं एसटीचं तिकीट. ते तिकीट मी तसंच ठेवलं, खूण म्हणून बरं पडलं.

पहिल्या संध्याकाळी मनातल्या मनात वाचत होते. आजी बाजेवरून म्हणाली, “तोंडातल्या तोंडात काय पुटपुटून राहिली वो? मोठ्यानं वाच, नाही तं लाइट बंद कर.” लाइट बंद होऊ नये म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. झालं, तिथून पुस्तक माझं राहिलं नाही. एका दमात पन्नास पानं करीन असं ठरवलं होतं, दहाच्या वर एक दिवस गेले नाही. दर दोन ओळींना आजीचा थांबा.

लक्ष्मीबाईंचे वडील फार सोवळ्याचे. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत नाही, मीठसुद्धा. हे वाचलं आणि आजी उठूनच बसली. “मीठ धुतलं? मंग पानी खारं झालं असन, मीठ कोठी राहिलं?” असं म्हणून इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला आलेल्या बायांना तीच गोष्ट सांगत होती, जशी काही तिच्या मामाच्या घरची.

तू वाचलं असशील, पण मला जे वाटलं ते लिहिते. १८६८ चा जन्म. अकराव्या वर्षी लग्न. शाळा पाहिलेली नाही, अक्षर ओळखायला शिकली ती लग्नानंतर. नवरा, नारायण वामन टिळक, मोठा कवी, पण तापट, हातात पैसा ठरत नाही, मनात आलं की घर सोडून निघाला. आणि ही बाई हे सगळं साठी ओलांडल्यावर सांगते ते रडत नाही सांगत. १९३४ साली पहिला भाग निघाला. म्हणजे नव्वद वर्षं होऊन गेली, तरी भाषा अशी की ओट्यावर बसून कोणी बोलतंय. मला वाटायचं पुस्तक लिहायचं तर शब्द भारी पाहिजेत. हिच्याकडे एकही भारी शब्द नाही. मी ज्यांना गाऱ्हाणं म्हणून घट्ट धरून बसले असते, ते ती गंमत म्हणून सांगून मोकळी होते. हे मला एका महिन्यात यायचं नाही, पण जमतं असं तरी दिसलं.

टिळक काही दिवस नागपुरात होते, हे आलं तेव्हा आजी म्हणाली, “आपल्याच इकडचे तं.” पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या साहेबाची गाठ पडते, तो त्यांना बायबल देतो. आजीचा निकाल लगेच. “आगगाडीत कोनी काही देल्लं तं घेऊ नये. मी पोराइले तेच सांगतो.” मग तिला तिची शकुंतला आठवली. लग्न होऊन ती कारंज्याहून दारव्ह्याला शकुंतलेनंच आली होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची ती लहान रुळांची गाडी. आजी म्हणते, उतरून बोरं तोडावी आणि पुन्हा चढावं, एवढी तिची चाल. मी तिला कधी विचारलंच नव्हतं ती या गावात कशी आली ते. त्या रात्री पुस्तक चार पानं झालं आणि शकुंतला दहापर्यंत चालली.

१८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, तिथं मात्र आजी गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. बऱ्याच वेळानं, “मंग थे बाई गेली का त्याच्या मांगं?” मी म्हटलं, उद्या. मुद्दामच. पुढचं मी पहाटे वाचून ठेवलं होतं, पण सांगितलं नाही. रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले तर ही जागीच. “नवऱ्याघरी जा म्हनलं तरी पाप, नको जाऊ म्हनलं तरी पाप,” असं स्वतःशी. लक्ष्मीबाई बरीच वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचारानं तोच धर्म घेतला. ते ऐकून आजी एवढंच म्हणाली, “दमानं घेतलं तिनं. बरं केलं.”

तुला एक सांगते, जे तुला ठाऊक नाही. मी नवी नवरी होते तेव्हा या घरात वाचायला काही नसायचं. गूळ, मिरची ज्या कागदात बांधून येई तो कागद मी चुलीपुढे बसून वाचायची. अर्धी बातमी, तीही तेलकट. एकदा भाकर करपली. आजीनं तो कागद माझ्या हातातून घेतला आणि चुलीत सारला. “कागद वाचून भाकर होत नाही.” पुढे ती कागद आधीच चुलीजवळ नेऊन ठेवू लागली. भांडण झालं नाही, कारण मी बोललेच नाही. नववीपर्यंत शिकलेली मी, इतकी वर्षं देवाच्या पोथीपलीकडे काही वाचलं नाही ते तिथून.

तर या महिन्यात, संक्रांतीच्या दोन-तीन दिवसांनी, मी शेतातून आले. आजी दारात बसलेली. शेजारच्या पोरानं चिवडा आणला होता, त्याची पुडी तिनं सोडून, मांडीवर ठेवून, तळहातानं पुसून पुसून सरळ केली होती. माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “पाह्य वो, याच्यात काही लिहेल हाये का.” मोबाइलच्या दुकानाची जाहिरात होती. मी ती वरपासून खालपर्यंत वाचून दाखवली, किमतीसकट.

दुसरं पुस्तक मारुती चितमपल्लींचं, ते अर्धं झालं. गेल्या वर्षी पद्मश्री मिळाली आणि जूनमध्ये गेले. जन्म सोलापूरचा, पण वनखात्याची नोकरी बरीचशी आपल्याच इकडे, नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट. पारध्यांकडून, गोंडांकडून, ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून शब्द घ्यायचे, आणि जिथं शब्द नाही तिथं स्वतः करायचे. कावळ्यांच्या घरट्यांची वस्ती ती काकागार आणि बगळ्यांची ती सारंगागार. नाल्यावरची आपली चिंच आठवते? पावसाळ्यात तिच्यावर सगळे बगळे, आणि खालची वाट पांढरी. लग्न होऊन आल्यापासून मी तिला ‘घाण चिंच’ म्हणत आले. आता ते सारंगागार झालं. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, “मंग थ्या सारंगागाराखाली गाडी लावू नको.” पण परवा ओलितावरून आल्यावर त्यांनीच विचारलं, रात्री बांधावरून एकसारखी ओरडते ती टिटवीच का, आणि तिच्याबद्दल पुस्तकात काही आहे का. शोधून ठेवीन म्हटलं.

अर्ध्या पानाचं. पहिल्या आठ दिवसांची पानं काढून पाहिली तर एकच मजकूर. ‘आज कापूस वेचला. स्वयंपाक केला. वेळेवर झोपले.’ तारीख बदलली की झालं. म्हणून म्हटलं ते धरू नकोस. नवव्या दिवशी पेन धरलं तर बोट टोचलं. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांच्या पेरांना लागून लागून तिथं बारीक चिरा पडतात, त्यात मीठ गेलं की कळतं. त्या दिवशी फक्त उजव्या हाताबद्दल लिहिलं, पान पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी डाव्याबद्दल. डावा हात बोंड धरतो आणि उजवा ओढतो, म्हणून दोघांच्या चिरा वेगळ्या जागी आहेत, हे मला इतकी वर्षं वेचून ठाऊक नव्हतं. पाच दिवस चुकले त्यातले तीन तुरीचे, दोन आळसाचे.

गटाच्या वहीची तर गंमतच झाली. आपण अकरा जणी. आजवर वही लिहायला बाहेरगावची पोरगी यायची आणि पेन्सिलीची खूण असेल तिथं आम्ही सह्या करायच्या. आता स्वतः लिहायची म्हणून मागचे ठराव वाचायला घेतले. तर आपण सगळ्या जणींनी नोव्हेंबरात सर्वानुमते गावात शोषखड्डे खणायचं ठरवलं आहे, आणि डिसेंबरात आरोग्य शिबिर भरवलंसुद्धा आहे! सूचक कोण, तर मीच. सभेत मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा आधी हशा पिकला, मग सगळ्या एकदम गप्प. सही तर आमचीच होती. या महिन्याचा ठराव मी लिहिला, एका जणीला शेळीसाठी कर्ज, एवढाच, पण तो झालेला आहे. ‘सर्वानुमते’ लिहिताना दोनदा खोडलं. वाण म्हणून यंदा मी पेनंच वाटली. एक म्हणाली, “वाटी देली असती तं कामात आली असती.” खरं सांगू, मलाही क्षणभर तसंच वाटलं.

राहिला दाखला. टाळाटाळ केली, कबूल. बाहेरून परीक्षेला बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्म याच साली भरायचा, म्हणजे पुढच्या साली दहावीला बसता येईल, हे तू तीनदा सांगितलंस. पण गणिताचं पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. आणि दाखला मी काढलाच नव्हता. नववीच्या उन्हाळ्यात लग्न ठरलं, दाखला कशाला लागतो म्हणाले सगळे. दहा तारखेला एकदा जाऊन आले शाळेत. बाबू रजेवर. दुसऱ्यानं सांगितलं की जुनं रजिस्टर शोधावं लागेल, अर्ज घेऊन पुन्हा या. दाखल्यावर माहेरचं नाव येणार, आधारवर सासरचं, त्याचं काय करायचं ते तू जरा विचारून ठेव. परत आले ती दाराशी चप्पल काढताना मनात म्हटलं, जाऊ दे, सत्तेचाळीस झाली. कोणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांनाही मी बाजाराला गेले होते एवढंच ठाऊक.

काल लक्ष्मीबाई संपल्या. शेवटचं पान झालं, पुस्तक मिटलं, तरी आजी उठेना. म्हणाली, “तुयी शाळा कोनत्या गावाले होती?” मी म्हटलं, दिग्रसकडे. “मंग बाजाराच्या दिवशी दिग्रसच्या गाडीत काहून बसली होती? मले पोट्ट्यानं सांगतलं.” मग सांगावंच लागलं, दाखला, बाबू, रजिस्टर, सगळं. गणिताचंही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून चष्म्याच्या डबीतलं तिचं एसटीचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “सोमवारी चाल. मी बी येतो संगं. तुले अर्धं तिकीट, मले फुकट. बाबूले दोन बाया दिसल्या म्हंजे रजिस्टर सापडते.”

सकाळी साडेआठची गाडी आहे. पाखरांचं पुस्तक पिशवीत घे म्हणाली, गाडीत बसून वाचता येईल. पुढच्या कागदावर तू दोनच पुस्तकं लिही, आणि आजीच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं तेवढं तिकडे कोणाला विचार.

तुझी
आई