डोंगरातली चूल विझवूनच निघा

महोदय,

परवाच्या रविवारी अंतूर किल्ल्याच्या वाटेवर तीन दगडांची चूल दिसली. जेवून माणसं कधीच निघून गेलेली, पण राख उकरली तर खाली निखारे लालभडक! हातभर अंतरावर कडकडीत वाळलेलं कुसळी गवत. आमच्याजवळचं पिण्याचं सगळं पाणी तिथं ओतलं, राखेला हात लावून ती गार झाल्याची खात्री केली, मगच पुढं गेलो.

हा किल्ला गौताळा अभयारण्यात; इथलं रान पानझडीचं. माघ-फाल्गुनात सागाच्या पानांचा थर साचतो, वारं सुटलं की एक ठिणगी पुरते. अभयारण्याला धोका होईल असा जाळ करायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंही मनाई आहे.

डोंगरात शिजवून खाण्याची गोडी मलाही आहे. पण आपल्याकडं चुलीवाचून काय अडतं? धपाटे दोन दिवस टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी नि कांदा. गरम हवंच असेल तर घरचं येसर, म्हणजे डाळी-धान्यं नि मसाल्यांचं पीठ, न्यावं. ते आधीच भाजलेलं असतं. परवानगी असेल तिथं, उघड्या कातळावर, लहान स्टोव्हवर उकळी आणली की आमटी तयार.

वनविभागानं पायथ्याशी ‘चूल विझवूनच निघा’ अशी पाटी लावावी आणि पाऊस पडेपर्यंत दर रविवारी एखादा वनमजूर वाटेवर ठेवावा, ही विनंती.

– एक वाचक, कन्नड