अनामत भरण्याआधी

फोंडा, गोवा

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, स्विंडनला घर मिळालं, एजंट चांगला आहे, दीड महिन्याची अनामत भरते आणि चावी घेते." तेव्हापासून मला चैन नाही. पैसे भरायला दोन दिवस थांब.

तू लहान होतीस म्हणून तुला तेव्हा काही सांगितलं नव्हतं. म्हापशाचा आपला फ्लॅट आम्ही एजंटमार्फत एका नर्स मुलीला दिला होता. अनामत तीस हजार आणि दर महिन्याचं भाडं, सगळं त्याच्याच हातात. फोंड्याहून दर महिन्याला म्हापशाला कोण जाणार, म्हणून आम्हालाही ते बरं वाटलं. आधी भाडं वेळेवर यायचं. मग उशीर व्हायला लागला, मग "पुढच्या आठवड्यात देतो, ताई", आणि एक दिवस ऑफिसला कुलूप. घर सोडताना ती मुलगी अनामत मागायला आली. तिच्याकडे एजंटच्या सहीच्या सगळ्या पावत्या होत्या, तिनं एकही महिना चुकवला नव्हता. आम्हाला मात्र चार महिन्यांचं भाडं मिळालेलं नव्हतं. करारावर सही बाबांची, म्हणून त्यांनी तिची अनामत आपल्या पदरची दिली. तुझी सायकल त्या वर्षी राहिली ती यामुळे.

मी बँकेत जन्म काढला आणि तरी त्या माणसाला एकदाही विचारलं नाही, की आमचे पैसे तू कुठल्या खात्यात ठेवतोस. ते मला अजून सलतं.

तुला तिथे हे विचारायचा हक्क कायद्यानंच दिलाय. इंग्लंडमध्ये भाडेकरूचे किंवा घरमालकाचे पैसे हाताळणाऱ्या एजंटला १ एप्रिल २०१९ पासून सरकारमान्य 'क्लायंट मनी प्रोटेक्शन' योजनेत असावंच लागतं. तो पैसे खाऊन बसला किंवा त्याचा धंदा बुडाला, तर योजना तिच्या मर्यादेत भरपाई देते. सर्टिफिकेट ऑफिसात आणि वेबसाइटवर लावायचं, मागितलं तर प्रत फुकट द्यायची. योजनेत नसेल तर तीस हजार पौंडांपर्यंत दंड. ग्राहकांचे पैसे धंद्याच्या पैशांत न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवायचे, हेही त्यातच आलं. आमचा घात झाला तो नेमका तिथेच.

अनामतीचं संरक्षण वेगळं, दोन्हींत गल्लत करू नकोस. ती तीन सरकारमान्य योजनांपैकी एकीत तीस दिवसांच्या आत नोंदवून तिचा तपशील तुला लेखी द्यायचा असतो. नाही दिला तर कोर्ट अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम द्यायला लावू शकतं.

आणि दीड महिन्याची अनामत कसली? तुमच्यासारख्या साध्या भाड्याला तिथे पाच आठवड्यांहून जास्त घेताच येत नाही. महिना हजार पौंड म्हणजे वर्षाचे बारा हजार, भागिले बावन्न, गुणिले पाच: साधारण ११५३ पौंड. तो दीड हजार मागतोय. भांडू नकोस, पण हा आकडा त्याच्यासमोर ठेव. घर हातचं जाईल म्हणून गप्प बसू नकोस, बाय. ते पैसे तू रात्रपाळ्या करून साठवलेस.

सर्टिफिकेटचा फोटो मला पाठव, त्यावरचं नाव आणि ज्या खात्यात पैसे भरायचे त्याचं नाव जुळतंय का, ते मी बघते. आज रात्री बारापर्यंत मी जागी आहे.

तुझी,
आई