लिंकनला कामाला गेलेल्या लेकीस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जाता जाता म्हणालीस, तुझ्या घरोघरच्या देखभालीच्या फेरीतल्या त्या एकट्या काकांकडे हल्ली दोन अनोळखी पोरं असतात, ‘पुतणे’ म्हणून सांगतात, आणि काका मात्र खोलीतून बाहेरच येत नाहीत. तू विषय बदललास, माझ्या डोक्यातून तो जाईना. फोनवर मी फार बोलतो अशी तुझी तक्रार असते, म्हणून हे पत्र.

इकडे बर्मिंगहॅमला स्टेशनच्या गेटवर मी याचंच दुसरं टोक बघतो. शाळेच्या वेळेत पंधराएक वर्षांचा पोरगा, एकटा, हातात लांबच्या गावाचं तिकीट. खिशात दोन फोन. त्यातला साधा बटणांचा वाजला की चेहरा उतरतो. कुठे चाललास विचारलं तर तिकिटावर बघून गाव सांगतो! शहरातल्या टोळ्या अशा पोरांकरवी हेरॉइन आणि क्रॅक (कोकेनचा एक प्रकार) लहान गावांत पोचवतात. ‘काउंटी लाइन्स’ म्हणतात ते हेच. तिथे माल ठेवायला घर लागतं, ते भाड्यानं थोडंच घेतात? आजारी, व्यसनी, एकटा पडलेला कुणी हेरायचा. आधी दोस्ती, फुकटची नशा, मग त्याच्या घराची किल्ली यांच्या खिशात.

2018 मध्ये इथल्या क्राउन कोर्टानं अशी लाइन चालवणाऱ्या एकाला 14 वर्षांची शिक्षा दिली. इथली चौदा-पंधरा वर्षांची पोरं त्यानं कुठे नेली होती? तुझ्या लिंकनलाच, अशाच फ्लॅटांत.

पोरं पळून का जात नाहीत, असं तुला वाटेल. टोळीच आपली माणसं पाठवून पोराला वाटेत लुटते आणि वर त्यालाच दटावते, ‘माल तू घालवलास, आता फुकट राबून फेड.’ पोलिसांत जायची सोय नाही, कारण माल त्याच्याच हातून गेलेला. शिवाय आईला, धाकट्या बहिणीला बघून घेऊ ही धमकी असतेच. तेव्हा त्या ‘पुतण्यां’वर डाफरू नकोस, तेही फसलेले असतील. असं राबवून घेतलेल्या मुलाला कोर्टात बचाव घेता यावा, अशी तरतूद 2015 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यात आहे.

पुरावा शोधणं तुझं काम नाही. फोटो काढू नकोस, काकांना त्या पोरांदेखत काही विचारूही नकोस. कोण, कधी, काय दिसलं ते तारखेनिशी लिहून मॅनेजरला आजच दे. ‘बघू’ म्हणाली, तर थेट कौन्सिलच्या सेफगार्डिंगवाल्यांना, म्हणजे दुबळ्या माणसांच्या सुरक्षेचं बघणाऱ्यांना, कळव, नाहीतर 101 वर पोलिसांना. जिवाला धोका वाटला तर 999. नाव द्यायचं नसेल तर क्राइमस्टॉपर्सचा 0800 555 111 आहे. रेल्वेत काही दिसलं तर रेल्वे पोलिसांना 61016 वर मेसेज टाक. आम्हीही तोच वापरतो. अंदाज चुकला तर चुकला, कुणी तुला फाशी देणार नाही.

मॅनेजर काय म्हणाली ते कळव.

तुझा,
बाबा

ता.क. तोवर त्या घरी एकटी जाऊ नकोस. दोघींची फेरी मागून घे, आणि तीही लेखी.