डेट्रॉइट नदीवरून अण्णांना

वायनडॉट, मिशिगन
२७ एप्रिल

तीर्थरूप अण्णांना आणि आईला,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "मासा लागला का?" मी "लागला" म्हणेपर्यंत आईने फोन घेतला आणि विषय स्वेटरवर गेला. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो.

शनिवारी पहाटे साडेपाचला होडी पाण्यात घातली. होडी शेजारच्या बाबांची. सत्तरी ओलांडली आहे त्यांनी. मोटारीच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलं आणि आयुष्यभर याच नदीवर गळ टाकला. अंगावर कपड्यांचे चार थर असूनही माझी बोटं गारठली होती. डेट्रॉइट नदी उणीपुरी ४५ किलोमीटरची, लेक सेंट क्लेअरचं पाणी लेक ईरीत नेऊन सोडते. हिच्यातूनच अमेरिका आणि कॅनडाची हद्द जाते. आमचा परवाना मिशिगनचा, त्यामुळे हद्दीच्या अलीकडेच राहायचं. वर शहराजवळ अँबॅसेडर पूल आहे, तो १९२९ सालचा, म्हणजे आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाच्याच वयाचा. तिथे मालवाहू जहाजांना टपाल कसं देतात माहीत आहे? जहाज थांबतच नाही. छोटी बोट त्याला जाऊन भिडते, वरून दोरीला बांधलेली बादली खाली येते आणि पत्रं त्या बादलीतून वर जातात. या टपालाला ४८२२२ हा स्वतःचा पिनकोडसुद्धा आहे.

वॉलआय हा मासा एरवी लेक ईरीत असतो. बर्फ वितळलं की अंडी घालायला धारेविरुद्ध नदीत चढतो. मृगाच्या पाण्याला आपल्याकडे चढणीचे मासे निघतात ना, तसंच, फक्त इथे पाणी आठ-नऊ अंशांचं. अंगावर सोनेरी-हिरवट झाक, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, तोंडात सुयांसारखे दात. आणि डोळा! बाबांनी कपाळावरच्या बॅटरीचा उजेड टाकला तर दोन्ही डोळे मांजरासारखे पेटले. डोळ्यात मागच्या बाजूला चकाकणारा पडदा असतो, म्हणून गढूळ पाण्यात आणि झुंजुमुंजूच्या उजेडात याला इतरांपेक्षा चांगलं दिसतं. आम्ही एवढ्या पहाटे गेलो ते याचसाठी.

आता गळाचं सांगतो. तरंगती काडी नाही, कणकेचा गोळा नाही. दोनेक तोळ्यांचं शिसं, त्यातच ओतलेला आकडा, त्यावर रबराचा छोटा मासा. पाणी तीन पुरुष खोल, ओढ जबर. होडी धारेबरोबर खाली जाऊ द्यायची, पण दोरी ओळंब्यासारखी सरळ राहिली पाहिजे. दोरी तिरकी झाली की तळ कळत नाही. त्यासाठी होडीच्या नाकावर विजेवरची लहान मोटर असते. बाबा ती पायाने फिरवत होते आणि नजर मात्र माझ्या दोरीवर. शिसं तळाला टेकलं की चार बोटं उचलायचं, पुन्हा हळूच टेकवायचं. मासा उचलताना घेत नाही, खाली जाताना घेतो.

पहिला मासा माझ्या हातून गेला. टक् असं जाणवलं आणि मी थांबलो. अंकलीच्या डोहावर मोरपिसाची काडी बुडाली तरी तुम्ही माझा हात धरायचात, "थांब, गिळू दे." ते अंगात इतकं भिनलंय. पण इथे रबर आहे, मासा चव घेतो आणि थुंकून टाकतो. टक् झालं की त्याच क्षणी मनगट वर. दुसऱ्या वेळी मात्र दोरी तर्जनीवर ठेवली, तुम्ही ठेवता तशी, आणि टक् होण्याआधीच दोरी जड झाल्याचं बोटाला कळलं. बाबांनी विचारलं, कुठे शिकलास? मी म्हटलं, वडिलांकडे, कृष्णेवर.

दोघांत मिळून सात लागले. इथे माणशी दिवसाला सहा ठेवता येतात आणि १५ इंचांपेक्षा लहान असेल तर परत सोडावा लागतो. एक मादी चार किलोची तरी असेल, पोट अंड्यांनी टच्च भरलेलं. बाबांनी ओल्या हातांनी तिला पाण्यात आडवी धरली. एकदोनदा कल्ले हलले आणि ती गेली. बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग बाबांनी जे सांगितलं, त्यासाठीच खरं तर हे पत्र. १९६९ मध्ये या नदीला मिळणारी रूज नदी पेटली होती, पाण्यावर एवढं तेल होतं. १९७० साली इथल्या माशांत पारा सापडला. वरच्या बाजूच्या रसायनांच्या कारखान्यांतून तो येत होता. मासेमारीच बंद केली. बाबा तेव्हा विशी-बाविशीचे. त्यांच्या वडिलांनी गळ गुंडाळून ठेवला तो कायमचा, आणि मासा परत आलेला पाहायला ते राहिले नाहीत. १९७२ मध्ये कायदा झाला, कॅनडाशी करार झाला, घाण सोडणं हळूहळू आवरलं. अजून सगळं साफ नाही. कुठला मासा महिन्यात किती खावा याची यादी सरकार आजही छापतं. पण मासा चढतोय, अण्णा. शनिवारी दिवस उजाडला तेव्हा आमच्या आसपास शंभरेक होड्या होत्या.

२०२३ च्या मार्चमध्ये अंकलीला मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हतात आणि गळ माळ्यावर टाकलात. मी इथून नुसते फोटो बघत होतो. तुमचा राग मला कळतो. पण नदी मेली असं जे तुम्ही म्हणता, ते मला आता पटत नाही.

आई, मासे तुझा कांदा-लसूण मसाला आणि चिंच लावून, रव्यात घोळवून तळले. मांस पांढरं, मरळीसारखं घट्ट. बाबांनी चार तुकडे खाल्ले आणि मसाल्याची बरणी उलटीपालटी करून नाव शोधत बसले. डबा तळाला लागलाय, थोडा पाठव.

अण्णा, मी दिवाळीला येतोय. माळ्यावरची दांडी एकदा खाली काढा आणि वाळवी लागली नाही ना, तेवढं बघून कळवा.

तुमचा,
बाळू