वेंगुर्ला रॉक्सच्या गुहांपासून होड्या दूर ठेवा

महोदय,

सुट्टीत खासगी होडी ठरवून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती गावासमोरच्या वेंगुर्ला रॉक्स बेटांना फेरी मारण्याचा आम्हा मुंबईकरांना मोह होतो आणि तिथले दीपगृह, खडकाळ कडे व समुद्री गुहा पाहता तो स्वाभाविकच आहे. मात्र याच गुहांच्या अंधारात पाकोळ्या (स्विफ्टलेट हे छोटे पक्षी) लाळेच्या साहाय्याने कातळाला घरटी चिकटवतात आणि स्वतःच्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतात. तिथे इंजिनाचा गोंगाट व विजेरीचे झोत नेणे, तेही केवळ छायाचित्रासाठी, मला अक्षम्य वाटते. विणीच्या काळात गुहेच्या तोंडाशी जाण्यास मनाई करून एरवी ठरावीक अंतरावरूनच फेरी मारण्याची अट होडीच्या परवान्यात घालावी.

— एक वाचक, दादर, मुंबई